डेना इव्हान्स: आई नव्हे, इन्चार्ज

सकाळी सातचा ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलतानाची पेशंटची सोपवासोपवी, ज्या बाईनं वर्षानुवर्षं दिला-घेतला आहे, तिला 'द पिट' ही अमेरिकन हॉस्पिटल मालिका सुरू झाल्यावर दहा मिनिटांत कळतं की हे कॅज्युअल्टीत उभं राहिलेल्या माणसांनी लिहिलंय. मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात ३१ वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली शेवटची १२ कॅज्युअल्टीची इन्चार्ज म्हणून. २०२१ला निवृत्त झाले. आता सांगलीत विश्रामबागला असते. माझी भाचीही जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून आयसीयूत लागली आहे. नाइट संपली की कधीकधी ती माझ्याकडंच झोपायला येते. ही सीरिज तिनंच मला लावून दिली. म्हणाली, "आत्या, यात तू आहेस."

ती डेना इव्हान्सबद्दल बोलत होती. पिट्सबर्ग शहरातल्या एका काल्पनिक हॉस्पिटलच्या इमर्जन्सीची ही चार्ज नर्स, म्हणजे आपल्याकडची इन्चार्ज सिस्टर. काम केलंय कॅथरीन लनासानं. पहिल्या सीझनचे १५ एपिसोड २०२५च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये आले. एकेका एपिसोडमध्ये एकेक तास, सकाळी सात ते रात्री दहा, सगळी मिळून एकच ड्यूटी. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. त्यामुळं मॉनिटरची टिकटिक, ट्रॉलीची चाकं, पडदा सरकवल्याचा आवाज, लांबून कुणाचं तरी ओरडणं, सगळं जसंच्या तसं कानावर पडतं. मला दुसऱ्या एपिसोडपर्यंत पाय दुखल्यासारखं वाटायला लागलं होतं.

हे परीक्षण पूर्ण मालिकेचं नाही. मालिकेतल्या मुख्य डॉक्टरबद्दल, रॉबीबद्दल, म्हणजे ते काम करणाऱ्या नोआ वायलीबद्दल, भरपूर लिहून आलंय आणि तो त्या कौतुकाला पात्रच आहे. मला डेनाबद्दल लिहायचंय, आणि लोकांनी तिला ज्या तऱ्हेनं डोक्यावर घेतलं त्याबद्दलही.

आधी तिचं काम कसं दाखवलंय ते सांगते. डेना कुणाचं निदान करत नाही, कुणाची छाती उघडत नाही. ती बोर्डाजवळ उभी असते. कुठला पेशंट कुठल्या खाटेवर, कुणाला वरच्या वॉर्डात पाठवायचं, कोण बाहेर खोळंबलाय, कुठल्या नव्या डॉक्टरला आत्ता एकटं सोडायचं नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. लनासाचे डोळे बघा. बोलत असते एकाशी आणि नजर तिसऱ्याच खाटेवर असते. हे शिकवून येत नाही असं मला वाटायचं, पण या बाईनं ते कुठून तरी बरोबर उचललंय. मी इन्चार्ज असताना फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, उजव्या हाताखाली इन्डेंट बुक, म्हणजे औषधं-सामान मागवायची वही, डाव्या हाताच्या बोटानं वॉर्डबॉयला 'चार नंबर' म्हणून खूण, आणि तेवढ्यात दारातून आत आलेल्या म्हाताऱ्याच्या ओठांचा रंग बघून तोंडातून निघालेलं "मामा, व्हीलचेअर नको, स्ट्रेचर आणा." हे चारही एकाच वेळी. त्या म्हाताऱ्यानं अजून केसपेपरही काढलेला नसायचा. डेनाला बघताना माझ्या भाचीनं मला कोपरानं ढोसलं ते अशाच एका क्षणाला.

या मालिकेत खऱ्या हॉस्पिटलची माणसं आहेत, ते दिसतं. लिहिणाऱ्या-बनवणाऱ्यांत जो सॅक्स म्हणून आहेत, ते स्वतः इमर्जन्सीचे डॉक्टर. जेसी नावाच्या नर्सचं काम करणारा नेड ब्रावर खरोखरच नर्स आहे. त्याचे हात बघून मला ते आधीच कळलं होतं. ग्लोव्ह घालताना तो त्याकडं बघत नाही.

पर्ला आणि प्रिन्सेस या दोघी फिलिपिनो नर्सेस आपसात त्यांच्या भाषेत, टागालोगमध्ये, बोलतात तेव्हा तर मी मिरजेतच पोचले. आमच्याकडं केरळच्या मुली असायच्या. स्टेशनवर उतरताना मराठीचा गंध नाही, आणि सहा महिन्यांत 'आजी, कुशीवर वळा' इतकं स्पष्ट म्हणायच्या. पण औषधं भरताना दोघींचं मल्याळममध्ये चालायचं. सुरुवातीला मला राग यायचा की आपल्याबद्दल काय बोलतात कोण जाणे. नंतर कळलं, बारा तासांत तेवढीच दोन मिनिटं त्या आपल्या घरात असतात. त्यात विजापूर, बेळगावकडून रेल्वेनं येणारे पेशंट कानडीत बोलायचे. अशा तीन भाषांच्या कॅज्युअल्टीत काम केलेल्या बाईला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आता लोकांच्या प्रतिक्रियेकडं येते. १४ सप्टेंबर २०२५ला अमेरिकन टीव्हीचे एमी पुरस्कार झाले. 'द पिट'ला सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचा मिळाला, मुख्य अभिनेत्याचा नोआ वायलीला आणि सहायक अभिनेत्रीचा लनासाला. त्याच गटात दुसऱ्या एका गाजलेल्या मालिकेतल्या चौघीजणी होत्या, त्यामुळं लनासाचं नाव येईल असं फार जणांनी धरलं नव्हतं. एका नर्सच्या भूमिकेला हा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. आमच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बहुतेक सगळ्या निवृत्त सिस्टर. त्यावर त्या दिवशी इतके फुलांचे गुच्छ आले की फोन भरून गेला.

पण कौतुक वाचताना एक गोष्ट मला खुपत राहिली. समीक्षक काय, प्रेक्षक काय, जो तो डेनाला 'सगळ्यांची आई' म्हणतो. त्या वॉर्डाचं हृदय, सगळ्यांना पोटाशी धरणारी, कडक पण मायाळू. भाचीच्या ग्रुपवरही हेच. ती मायाळू आहे, खरं आहे. रॉबीच्या गुरूंच्या मृत्यूला, कोविडातल्या, त्याच दिवशी वर्षं पूर्ण होतायत, हे तिच्या लक्षात असतं आणि ती दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून असते. पण ती नजर मायेचीच आहे का? मला तरी ती इन्चार्जची वाटली. टीममधला सगळ्यात भरवशाचा माणूस आज कच्चा आहे आणि संध्याकाळपर्यंत त्याला टिकवायचंय, याचा तिनं सकाळीच हिशोब केलेला आहे. मी हा हिशोब कितीदा केलाय. आरएमओच्या, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरच्या, घरी कुणी आजारी असेल तर त्या दिवशी त्याच्याबरोबर नवी मुलगी द्यायची नाही, जुनी द्यायची. याला माया म्हणा, माझी ना नाही. पण याला आधी काम म्हणा.

आपल्याकडं हॉस्पिटलात सगळीच नाती असतात. वॉर्डबॉय मामा, आया मावशी, पुरुष नर्स ब्रदर, आणि आम्ही सिस्टर. मला हा शब्द फार प्रिय आहे. दवाखान्याबाहेर, भाजी मंडईत, मागून कुणी 'सिस्टर' म्हणून हाक मारली की मी आजही वळून बघते. पण नात्यानं हाक मारली की माणसं कामाचं मोल करायचं विसरतात. बहीण जागते ती बहीण म्हणून. मग तिनं दोन मिलीग्रॅमच्या जागी वीस लिहिलेलं डॉक्टरांच्या नजरेला आणून दिलं, ते शिक्षण कुठलं, ते किती वर्षांत आलं, कुणी विचारत नाही. डेनाला आई म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. फक्त तिला इन्चार्ज म्हणा, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रेक्षकांच्या मनात किती ताकद असते याचा एक किस्सा इथं सांगायलाच हवा. 'ईआर' नावाची जुनी अमेरिकन मालिका १९९४च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि २००९पर्यंत चालली. कादंबरीकार मायकल क्रायटन यांची कल्पना. याच नोआ वायलीनं त्यात तरुण डॉक्टर कार्टर केला होता. पहिल्याच भागात कॅरल हॅथवे नावाची तिथलीच हेड नर्स गोळ्या खाऊन बेशुद्ध अवस्थेत कॅज्युअल्टीत आणली जाते. मूळ बेतानुसार ती मरणार होती. एका भागापुरती नर्स. पण आधी ज्या प्रेक्षकांना तो भाग दाखवून बघितला त्यांना ती इतकी भावली की करणाऱ्यांनी तिला जगवलं. तिचं काम करणारी जुलियाना मार्गुलीस पुढं सहा सीझन त्यात राहिली आणि १९९५मध्ये तिला त्याच कामासाठी एमी मिळालं.

हे मला भाचीनं सांगितलं तेव्हा मी काही वेळ बोललेच नाही. लिहिणाऱ्यांना ती नर्स डॉक्टरांच्या दुःखासाठी हवी होती, आणि साध्या बघणाऱ्या माणसांनी तिला वाचवलं. बघणाऱ्यांना कळलं होतं ते आधी.

मधल्या काळात मात्र पुन्हा उलटंच झालं. 'हाउस' २००४ ते २०१२ चालली, डोक्यानं तल्लख आणि जिभेनं तिखट डॉक्टर जगभर गाजला. भाचीच्या आग्रहानं मी त्याचे काही भाग बघितले. रक्त डॉक्टर काढतायत, लॅबमधली तपासणी डॉक्टर करतायत, एमआरआय डॉक्टर करतायत, पेशंटच्या उशाशी रात्रभर डॉक्टर बसलेत. सिस्टर कुठं आहे? काचेपलीकडून कुणीतरी पांढरं-निळं जाताना दिसतं. ह्यू लॉरीचं काम उत्तम आहे, पण त्या हॉस्पिटलात एकही पेशंट तीन दिवस जगणार नाही.

आता तो ठोशाचा प्रसंग.

ड्रिस्कॉल नावाचा एक माणूस सकाळपासून छातीत दुखतंय म्हणून बाहेर बसलाय. सुरुवातीच्या तपासण्या झाल्यात, त्यात काही सापडलेलं नाही, आणि त्याच्या पुढून इतरांना आत नेताना बघून तो तापत चाललाय. डेना जरा सिगारेट ओढायला बाहेर अ‍ॅम्ब्युलन्स येतात तिथं उभी आहे. नवव्या एपिसोडच्या शेवटी तो तिच्या तोंडावर ठोसा मारून निघून जातो. अमेरिकेतल्या नर्सेसनी हे बघून 'हे आमच्याबरोबर झालंय' म्हणून सांगितलं. आमच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी एकीनं फक्त लिहिलं, 'मला दोनदा.'

मला एकदा. २००७ सालची गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेले. मोटरसायकलवरून पडलेला एक मुलगा आणला होता आणि आरएमओ आत दुसऱ्याला टाके घालत होते. मुलाला सलाइन लावून झालं होतं, स्टँड रिकामा नव्हता, म्हणून बाटली मीच हातात वर धरून उभी होते. बरोबरच्या माणसाला मी तिसऱ्यांदा म्हणाले, "डॉक्टर येतायत, तुम्ही बसा." त्यानं कानाखाली मारली. चष्मा उडाला. कानात शिट्टी वाजायला लागली, बाकी काही ऐकू येईना. बाटलीचा हात खाली आला होता आणि मला धूसर दिसलं की नळीत रक्त उलटं चढतंय. हात आपोआप वर गेला. रक्त परत खाली उतरायला लागलं, आणि मी तेवढंच बघत उभी राहिले, ते पूर्ण उतरेपर्यंत. मग मावशीनं माझ्या हातातून बाटली घेतली. चष्म्याची एक काच निघाली होती, ती तिनं ल्युकोप्लास्ट लावून बसवून दिली. मी सकाळी ओव्हर देऊनच घरी गेले.

ऑफिसात मला सांगितलं गेलं की पेशंटचे नातेवाईक होते, तणावात होते, समजून घ्या. तक्रार लिहून घेतली नाही. २०१०मध्ये महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध कायदा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. तो कागद मी कॅज्युअल्टीच्या भिंतीवर स्वतः चिकटवला होता, ओव्हरच्या टेबलाच्या बरोबर वर. त्या कायद्यात डॉक्टरांबरोबर नर्स हा शब्द आहे. मी तो बोट ठेवून वाचला होता.

म्हणून डेनाचा त्यानंतरचा दिवस मी श्वास रोखून बघितला. नाकातोंडातून रक्त, डोळ्याखाली काळं-निळं, तरी ती घरी जात नाही. आणि दोन-तीन तासांत शहरातल्या एका कार्यक्रमात गोळीबार झाल्याची बातमी येते, जखमींची रांग लागते. इमर्जन्सी रिकामी करायची, रंगाच्या पट्ट्या मनगटाला, तांबडा इकडं, पिवळा तिकडं. हे एपिसोड या मालिकेचे सगळ्यात चांगले. मला २०१९चा ऑगस्ट आठवला. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीचे रस्ते बंद, मिरज उंचावर म्हणून सगळा भार आमच्याकडं. मी स्वतः सांगलीची, तीन दिवस घरी गेले नाही. आमच्याकडं रंगाच्या पट्ट्या नव्हत्या. आम्ही चिकटपट्टीचे तुकडे कातरून पेशंटच्या मनगटावर लावत होतो आणि त्यावर बॉलपेननं आकडा. एक म्हणजे आत्ता, दोन म्हणजे थांबू शकतो. बोटीतून आणलेली एक आजी हातातली, पोपट ठेवलेली पिशवी सोडायला तयार नव्हती. तिच्या मनगटावर दोन आणि पिशवीवरही दोन लिहिलं तेव्हा ती बाकावर टेकली.

मालिकेत मला काय कमी वाटलं तेही लिहिते, कारण पुरस्कार मिळाला म्हणून डोळे मिटून घ्यायचे नाहीत. नर्सच्या कामाचा मोठा भाग इथंही पडद्याआड राहतो. बेडपॅन, पेशंटला कुशीवर वळवणं, चादर बदलणं, दर तासाची नोंद, हे फार थोडं दिसतं. हुशारीची वाक्यं शेवटी डॉक्टरांच्याच वाट्याला जास्त येतात. रॉबीचं दुःख आपण आतपर्यंत जाऊन बघतो, डेनाचं घर मात्र तिच्या टेबलावरच्या फोटोंपुरतं. शिकाऊ डॉक्टर चार-चार आहेत, प्रत्येकाला गोष्ट आहे. पर्ला आणि प्रिन्सेसला बोलणं आहे, गोष्ट नाही. सिगारेटवरून आमच्या ग्रुपवर वाद झाला. एक मोठ्या सिस्टर म्हणाल्या, नर्स अशी दाखवायला नको होती. मी त्यांना एवढंच लिहिलं की आमच्यातल्या अनेकींचा चहा चौदा-चौदा कप होता, आणि तो आम्ही लिनन रूममध्ये उभ्यानं प्यायलो.

एक गोष्ट मात्र मालिकेनं स्पष्ट बोलून दाखवली, त्याला पूर्ण गुण. पहिल्याच एपिसोडमध्ये व्यवस्थापनाची बाई रॉबीला सुनावते की लोक फार वेळ थांबतायत, आणि तो सांगतो की वर खाटा आहेत पण नर्सेस नाहीत, म्हणून पेशंट खालीच तुंबलेत. ड्रिस्कॉलचा ठोसा तिथून सुरू होतो. नर्सेस नेमल्या नाहीत कुणी तरी, आणि तोंड फुटलं डेनाचं.

शेवटच्या एपिसोडमध्ये ड्यूटी संपते आणि डेना आपल्या जागेवरचे फोटो काढून घेते. कुणाला भाषण देत नाही. ती नोकरी सोडणार असं आपल्याला वाटायला लागतं. प्रेक्षकांत यावरून दोन तट पडले. काहींना ती हरली असं वाटलं, काहींना तिनं बरोबर केलं असं. माझ्या भाचीला ती जायला नको होती. तिच्या वयात मलाही नको वाटलं असतं. मी तो प्रसंग तीनदा बघितला, लनासाच्या हातांसाठी. ती फोटो ओढून काढत नाही. एकेक सावकाश सोडवते, जसं आपण पेशंटच्या हाताची चिकटपट्टी काढतो, कातडी ओढली जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताचं बोट खाली धरून.

मी माझ्या शेवटच्या दिवशी ड्रॉवरमधून कात्री, टॉर्च आणि छातीवर लावायचं घड्याळ घेतलं. टेबलाच्या काचेखाली फोन नंबरांची एक यादी होती, ब्लड बँक, अ‍ॅम्ब्युलन्स, पोलीस चौकी, रात्री उघडं असणारं मेडिकल. ती माझ्या अक्षरातली होती. ती मी तिथंच ठेवली.

२०२६च्या जानेवारीत दुसरा सीझन सुरू झाला आणि डेना परत कामावर आली. भाचीनं विचारलं, "आत्या, तू गेली असतीस परत?" मी म्हटलं, मला नर्सेसची यादी दाखव, किती जणी आहेत ते बघते, मग सांगते. तिच्या वॉर्डात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एकेक एपिसोड बघतोय, आणि मधेच थांबवून ती मला विचारते की इथं तू काय केलं असतंस.